मालिक, मालक आणि पाडव्याची वही

अब्बांचा जनाजा कब्रस्तानाच्या मोकळ्या जागेत खाली ठेवला आणि मौलानांनी मला हाताने खूण केली. काय करायचं ते मला ठाऊक होतं. जनाजाच्या नमाजआधी मुलाने किंवा भावाने लोकांसमोर उभं राहून विचारायचं असतं, की मयताकडे कुणाचं काही देणं राहिलं असेल तर सांगा, आम्ही फेडू. मी विचारलं. आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा विचारलं.

रांगांच्या मागे, बाभळीखाली, गावातली हिंदू मंडळी उभी होती. त्यांत मालकही होते. अब्बांनी त्यांच्याकडे बावीस वर्षं सालगडी म्हणून काढली. मालक दोन पावलं पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं काही नाही पोरा. सगळं फिटलंय."

लोकांनी माना हलवल्या. मलाही त्या क्षणी बरं वाटलं, कारण पाच-सहा हजारांची उचल अजून अंगावर असेल असा माझा अंदाज होता. मालकांनी चारचौघांत ती सोडून दिली होती. रात्री झोप येईना तेव्हा मात्र एक साधी गोष्ट ध्यानात आली. अब्बांकडे कुणाचं काय निघतं हे आम्ही विचारलं. अब्बांचं कुणाकडे काय निघतं हे कुणीच विचारलं नाही. तशी रीतच नाही.

त्या दिवशी कबरीवर माती टाकून झाल्यावर आम्ही फातेहा पढलो. सात आयतींची ही सूरह मी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून म्हणत आलोय. पाच वेळच्या फर्ज नमाजच्या सतरा रकाती होतात, म्हणजे नियमाने नमाज पढणारा माणूस दिवसातून किमान सतरा वेळा तिच्याशी भिडतो. इतक्या वेळा म्हटलेल्या गोष्टीचा अर्थ कळायचा राहून जाणं अगदी सोपं असतं. माझाही राहिला होता. तो शोधायला मी लागलो तो तिच्यातल्या एका शब्दामुळे, आणि तो शब्द आमच्या घरात रोज वापरात होता. मालिक.

*

ज्यांना सालगडी म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रवरेच्या पाण्यावर उसाचा पट्टा उभा राहिला, त्यात ज्यांच्याकडे जमीन होती ते मालक झाले आणि ज्यांच्याकडे नव्हती ते गडी. गड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. वर्षाची रक्कम, थोडं धान्य, राहायला वस्तीवर एखादी खोली. रक्कम एकदम कुणालाच मिळत नाही. सणाला, दवाखान्याला, पोरीच्या लग्नाला उचल घेत घेत ती आधीच संपते. पाडव्याला मालक वही काढतात. एका बाजूला ठरलेली रक्कम, दुसऱ्या बाजूला उचल आणि खाडे. खाडा म्हणजे कामावर न आलेला दिवस. तो वजा होतो. शेवटी बाकी निघते आणि बहुतेक वेळा ती गड्याच्याच अंगावर निघते. म्हणून पुढचं साल त्याच घरी.

मी सातवीत असताना अब्बा मला पाडव्याला सोबत घेऊन गेले होते, कारण मला वाचता येत होतं. मालकांनी वही माझ्यापुढे सरकवली. त्यांनी काही लपवलं नव्हतं, हे मी आजही सांगेन. दादीच्या आजारपणात दिलेले पैसे होते, माझ्या पुस्तकांचे होते. आणि एका ओळीत लिहिलं होतं : ईद, खाडा १. पुढच्या पानावर पुन्हा तसंच. बकरी ईद, खाडा १.

हिशोब बिनचूक होता. वहीत चूक नव्हतीच. पण रात्रीची लाईट आल्यावर दोन वाजता दारं धरायला गेलेल्या रात्री त्या वहीत कुठल्याच बाजूला नव्हत्या. अडसाली उसाला तोडीपर्यंत सोळा-अठरा महिने लागतात. बेण्यापासून बांधणीपर्यंत, पहिल्या पाण्यापासून शेवटच्या पाण्यापर्यंत तो ऊस अब्बांच्या हाताखाली वाढायचा. वहीला फक्त आलेला आणि न आलेला दिवस कळत होता.

घरी येताना अब्बा एवढंच म्हणाले, "अल्ला मालिक."

नगर जिल्ह्यात हे दोन शब्द म्हणायला मुसलमान असावं लागत नाही. शिर्डीच्या साईबाबांच्या तोंडी ते सतत असत. शिर्डीला जाणाऱ्या गाड्यांच्या काचांवर दिसतं ते "सबका मालिक एक", पण जुने भक्त बाबांचं म्हणून सांगतात ते "अल्ला मालिक". मी लहानपणापासून हे ऐकत होतो आणि त्याचा अर्थ "जाऊ दे, आता काय करणार" असा धरत होतो. अब्बांच्या तोंडी तर तो मला हार मानल्यासारखाच वाटायचा. दिवसभर एका मालकाचं ऐकायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या मालकाचं नाव घेऊन गप्प बसायचं, असं मला कॉलेजात असताना वाटे आणि रागही येई.

*

फातेहाच्या मधोमध हा शब्द येतो. आधी स्तुती, मग तो सगळ्या जगांचा रब्ब असल्याचं सांगणं, मग रहमान आणि रहीम ही दयेची दोन नावं आणि त्यानंतर मालिक. कशाचा मालिक? आकाशाचा नाही, जमिनीचा नाही. "यौमिद्दीन"चा. एका दिवसाचा.

"यौम" म्हणजे दिवस. "दीन" या शब्दाने मला थांबवलं. आपण दीन म्हणजे धर्म एवढंच ऐकलेलं असतं. पण इथे त्याचा अर्थ भरपाई, निवाडा, केल्याचा मोबदला असा घेतला जातो. अरबीत याच तीन अक्षरांच्या धातूतून "दैन" हा शब्द येतो. दैन म्हणजे कर्ज. म्हणजे या दिवसाच्या नावातच देण्याघेण्याचा वास आहे. हा सगळ्या बाक्या निघण्याचा दिवस आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे पाडवाच आला.

आता मालिक मराठीत कसा आणायचा? हाताशी तीन शब्द आहेत. "स्वामी" म्हटलं की देवळाचा गारवा येतो आणि वही दिसेनाशी होते. "धनी" गोड आहे, पण तो घरातला शब्द आहे, बायको नवऱ्याला म्हणते तो. उरतो "मालक", आणि तो तर मुळात हाच अरबी शब्द आहे. फारसीच्या वाटेने मराठीत आला. एकटा आला नाही. हिशोब, बाकी, वसूल, कर्ज, हक्क हे सगळे त्याच वाटेने आले. पाडव्याची वही उघडली की तिच्यातला निम्मा शब्दसंग्रह कुराणाच्या वाचकाला ओळखीचा असतो. म्हणून मला वाटतं, भाषांतरात इथे "मालक" हाच शब्द ठेवावा. तो ऐकायला खरखरीत आहे, सालगड्याच्या पोराला तर फारच. पण आयतीला जिथे बोट ठेवायचं आहे तिथेच तो ठेवतो.

या शब्दाची आणखी एक गंमत आहे. कुराण पढण्याच्या ज्या मान्य परंपरा आहेत त्यांत हा शब्द दोन तऱ्हांनी वाचला जातो. आपल्याकडे, म्हणजे आसिम यांच्या परंपरेत, "मा" लांब आहे : मालिक, ज्याची वस्तू आहे तो. उत्तर आफ्रिकेत वर्श यांच्या परंपरेत "म" आखूड आहे : मलिक, राजा. जुन्या लिपीत दोन्हींची अक्षरं सारखीच, फरक एका स्वराचा. दोन्ही वाचनं बरोबर मानली जातात.

नगरला हा आखूड "म" चांगला माहीत आहे. ज्याने १४९० मध्ये निजामशाही उभी केली आणि १४९४ मध्ये हे शहर वसवायला घेतलं तो मलिक अहमद. आणि ज्याने ती निजामशाही पडता पडता पुन्हा उभी केली तो मलिक अंबर. अंबर हबशी गुलाम होता. लहानपणी विकला गेला, हातोहात फिरत दख्खनमध्ये आला आणि १६२६ मध्ये मेला तेव्हा मुघल फौजांना वर्षानुवर्षं झुंजवणारा माणूस म्हणून मेला. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात एक गुलाम "मलिक" झाला, हे शाळेत शिकताना मला फार आवडायचं. नंतर कळलं की एक गुलाम मलिक झाल्याने बाकीच्यांची वही बदलत नाही. फातेहातला शब्द मला म्हणूनच वेगळा वाटतो. तिथे हे पद एकाचंच आहे आणि त्या दिवसापुरतं दुसऱ्या कुणालाच मिळणार नाही. त्या दिवशी बाकी सगळे एकाच रांगेत.

*

मालिक हा शब्द संपतो आणि फातेहाचं व्याकरण बदलतं. तोपर्यंत बोलणं "तो" असं चाललेलं असतं. पुढच्याच आयतीत एकदम "तू" येतो. अरबी अलंकारशास्त्रात या वळणाला इल्तिफात म्हणतात, म्हणजे बोलता बोलता तोंड वळवणं. म्हणणारा आता समोर बघून म्हणतो, की आम्ही तुझीच चाकरी करतो आणि तुझ्याचकडे मदत मागतो.

इथल्या क्रियापदात "अब्द" आहे. अब्द म्हणजे दास, बंदा. आमच्या भाषेत गडी. म्हणजे हे वाक्य गड्याचं आहे, आणि तो सांगतोय की मी तुझा गडी आहे, फक्त तुझा. शिवाय ते अनेकवचनी आहे. बंद खोलीत एकटा माणूस पढत असला तरी त्याला "आम्ही" म्हणावं लागतं. एकट्या गड्याने म्हणायचं हे वाक्यच नाही.

आमच्या घरात मुलाणकीही होती. गावगाड्यात मुलाण्याचं काम ठरलेलं असायचं आणि त्यातलं थोडं आमच्याकडे उरलं होतं. मालकांच्या घरी पिराची कंदुरी असायची. बकरं कापायला आणि फातेहा द्यायला अब्बा. वर्षातून त्या एका दुपारी जागा बदलायच्या. अब्बा पुढे, डोक्याला रुमाल. मालक मागे, हात जोडून, सगळं घरदार घेऊन. आणि अब्बा मोठ्याने म्हणायचे, मालकांसमोर, की आम्ही फक्त तुझी चाकरी करतो.

अब्बांना अर्थ माहीत नव्हता. मालकांनाही नव्हता. फातेहा संपली की दोघेही तोंडावरून हात फिरवायचे, मग मटणाचे वाढप सुरू व्हायचं आणि अब्बा पुन्हा मागे जायचे. मी ती दुपार आता आठवतो तेव्हा वाटतं, गावात त्या दिवशी सगळ्यात धाडसी वाक्य बोललं गेलं आणि ते कुणाच्या कानावर पडलंच नाही. अर्थ न कळता पाठ करण्याची ही किंमत आहे. आपण मुसलमान ती रोज सतरा वेळा मोजतो.

आणखी एक बारीक गोष्ट. अब्बा मालकांना "मालक, तुम्ही" म्हणायचे. अल्लाहला मात्र "तू". मराठी माणसाला हे सांगायला नको, आपण विठोबालाही तूच म्हणतो. फातेहातलं संबोधनही एकवचनीच आहे. पाडव्याच्या मालकाला अहोजाहो आणि निवाड्याच्या मालकाला अरेतुरे. कोण जवळचं आहे ते भाषेनेच ठरवलेलं होतं.

*

फातेहावर सगळ्यात जास्त मनापासून कुणी लिहिलं असेल तर ते मौलाना अबुल कलाम आझाद यांनी, असं माझं मत आहे. त्यांच्या "तर्जुमान-उल-कुरआन"चा पहिला खंड १९३१ मध्ये आला आणि त्याचा मोठा भाग या सात आयतींनीच व्यापलेला आहे. मी तो उर्दूत अडखळत, इंग्रजी भाषांतराचा आधार घेत वाचला.

आझाद एकेक शब्द घेऊन बसतात. रब्ब म्हणजे नुसता परमेश्वर नाही, असं ते सांगतात. एखाद्या गोष्टीला तिच्या गरजेप्रमाणे, टप्प्याटप्प्याने, ती पुरी होईपर्यंत वाढवत नेणारा तो रब्ब. आईच्या दुधाचं उदाहरण देतात, पावसाचं देतात. मला अर्थातच ऊस आठवला. आणि हा रब्ब आलमीनचा आहे, सगळ्या जगांचा. कुणा एका जमातीचा नाही. यावरून आझाद सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे इथवर जातात. १९३१ च्या हिंदुस्थानात हे लिहिणं ही साधी गोष्ट नव्हती.

मालिकपाशी आले की ते म्हणतात, बघा, इथे क्रम काय आहे. आधी पालन, मग दया, मग न्याय. यांत कोपाचा गुण कुठेच नाही. लोकांनी देवाला एखाद्या लहरी सुलतानासारखं करून ठेवलं होतं, खूश झाला की बक्षीस, बिघडला की सुळी. कुराण तसं म्हणत नाही. आगीत हात घातला की भाजतो, तसं प्रत्येक कृत्याचं फळ त्या कृत्यातच असतं. निवाडा हा सृष्टीच्या नियमाचाच भाग आहे. सूरहच्या शेवटी कोपाचा उल्लेख येतो, पण तिथेही, हे माझं निरीक्षण, कोप करणारा सांगितलेला नाही. देणगी दिली म्हणताना "तू दिलीस" असं आहे. कोप झाला म्हणताना नुसतं "ज्यांच्यावर कोप झाला ते". आझादांच्या म्हणण्याला व्याकरणाचाही टेकू आहे.

भीती दाखवून पढवल्या गेलेल्या माझ्यासारख्या मुलाला हे वाचून किती मोकळं वाटलं, ते सांगता येणार नाही. मदरशात मालिक म्हटलं की छडी डोळ्यांपुढे यायची. आझादांनी ती छडी काढून घेतली.

पण दुसऱ्यांदा वाचताना माझं पाऊल अडलं. आझादांचा नियम नितळ आहे, करावे तसे भरावे. माझ्या गावात मात्र मी उलटं बघितलंय. पाणी एकाने दिलं आणि बंगला दुसऱ्याचा वाढला. दोन वाजताची थंडी एकाच्या हाडांत गेली आणि साखरेचा पैसा दुसऱ्याच्या खात्यात. कृत्याचं फळ कृत्यातच असतं हे ज्याच्या नावावर शेत आहे त्याला पटकन पटेल. सालगड्याचं कृत्य आणि त्याचं फळ यांच्यामध्ये एक वही असते, आणि ती वही लिहिणारा माणूस असतो. निसर्गनियम त्या वहीत शिरत नाही. तिथे शिरायला कुणीतरी मालकच लागतो, मोठा मालक, जो म्हणेल की आण ती वही इकडे.

आझादांना हे माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही. ते भीतीच्या देवाविरुद्ध लढत होते, आणि त्या लढाईत त्यांनी निवाड्याला निसर्गाच्या इतकं जवळ नेलं की विचारणारा कोण हा प्रश्न मागे पडला. ज्याचं कुणाकडे काही बुडालेलं नाही त्याला हा प्रश्न मागे पडलेला चालतो. मला चालत नव्हता.

मला हवं ते हदीसमध्ये सापडलं. बुखारींच्या संग्रहात एक हदीस आहे. तिचा आशय असा, की निवाड्याच्या दिवशी तीन माणसांविरुद्ध अल्लाह स्वतः वादी म्हणून उभा राहील. त्यातला एक, ज्याने मजूर लावला, त्याच्याकडून काम पुरतं करून घेतलं आणि मजुरी दिली नाही. ही हदीस मी तीन-चारदा वाचली. न्यायाधीश म्हणून नाही, वादी म्हणून. ज्याला कोर्टाची पायरी ठाऊक नाही त्याच्या वतीने खुद्द मालिक फिर्याद मांडणार.

आमचे मालक या हदीसमध्ये बसतात का, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला आहे. त्यांनी ठरलेली मजुरी दिली, दवाखाना केला. ते वाईट माणूस नाहीत. पण ठरवलं कुणी होतं? ज्याच्या अंगावर मागची बाकी आहे तो पुढचं साल कसलं ठरवणार? मला उत्तर नाही. फक्त एवढं कळलं, की मालिक या शब्दात हा प्रश्न विचारायची जागा आहे आणि निसर्गनियमात ती नाही.

*

आझादांशी भांडण मनात ठेवूनच मी त्यांचं दुसरं पुस्तक हातात घेतलं. ते तर आमच्याच शहरात लिहिलं गेलं. ऑगस्ट १९४२ मध्ये "चले जाव"च्या ठरावानंतर मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना पकडलं आणि त्यांतल्या बाराजणांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू होते, पटेल होते, नरेंद्र देव होते, आपले शंकरराव देव होते. नेहरूंनी तिथे "डिस्कव्हरी ऑफ इंडिया" लिहिलं हे आम्हाला शाळेच्या सहलीत सांगितलं जातं. आझादांनी तिथे एका मित्राला पत्रं लिहिली. तुरुंगातून ती पाठवता येत नव्हती, तरी लिहीत राहिले. "गुबार-ए-खातिर" या नावाने ती १९४६ मध्ये छापून आली. पहाटेचा चहा, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्या, अंगणातली फुलझाडं, सगळं त्यांत आहे.

आणि ११ एप्रिल १९४३ चं पत्र आहे. दोन दिवसांपूर्वी, ९ एप्रिलला, त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या होत्या. आजार वाढत गेल्याच्या बातम्या आझादांना मिळत होत्या. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवलं, की सरकारला काही कळवायचं असेल तर मी लगेच पोचवतो. आझादांनी सरकारकडे काही मागायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी मागितलं नाही. दिनक्रम तसाच ठेवला, आणि आतून काय चाललं होतं तेही पत्रात लपवलं नाही.

पत्राच्या शेवटाकडे ते किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या कबरीचं लिहितात. कुणाची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आल्यापासून ती शेकडो वेळा नजरेस पडली होती. पण आता तिच्याकडे बघताना वेगळीच ओढ वाटू लागली. संध्याकाळी बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांना मुतम्मिम या जुन्या अरबी कवीने भावासाठी केलेला विलाप आठवला. त्याचा आशय असा, की भलत्याच कबरीवर रडतोस म्हणून सोबत्याने टोकलं, तर कवी म्हणतो, मला तर या सगळ्या त्याच्याच कबरी दिसतात.

त्या भावाचं नाव होतं मालिक.

हा योगायोग आहे. आझादांनी त्याचं काही केलेलं नाही आणि मीही त्यावर इमला बांधणार नाही. मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. "तर्जुमान"मध्ये दुःखाला नियमात बसवणारा माणूस इथे नियम सांगत बसला नाही. स्वतःच्या माणसाच्या कबरीपाशी जाता येत नव्हतं, म्हणून तो ज्याचं कुणी विचारायला उरलं नव्हतं अशा कबरीपाशी गेला. नगरच्या किल्ल्यातल्या त्या बिननावाच्या माणसाकडे कुणाचं काय निघत होतं आणि त्याचं कुणाकडे काय निघत होतं, हे माहीत असलेला जिवंत माणूस कुणीच नव्हता. फातेहातला मालिक तेवढा असेल.

किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. मी नेत्यांच्या त्या खोल्या बघून आलो तेव्हा आझादांच्या पुस्तकातून मनात राहिलेलं वादळ थोडं निवलं होतं. "तर्जुमान"ला मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी पत्रात दिलं असं मी म्हणणार नाही. पण प्रश्न त्यांनाही भेटला होता, याच शहरात, हे मला दिसलं.

*

आता अब्बांचं "अल्ला मालिक" मला वेगळं ऐकू येतं. पाडव्याची वही मिटल्यावर, मालकांच्या अंगणातून बाहेर पडताना म्हटलेले ते दोन शब्द. ते "जाऊ दे" असेल. ते "ही शेवटची वही नाही" असंही असेल. आवाज आठवून मी ठरवायचा प्रयत्न करतो, पण आवाज आता नीट आठवत नाही. अर्थ माहीत नसलेल्या माणसालाही शब्द पेलता येतो, एवढं मानायला मी तयार आहे. कंदुरीच्या दुपारी त्यांनी तो पेललाच होता.

एक धोका मात्र मला दिसतो. मालिक बघेल म्हणून आपण बघायचं सोडून देतो. फातेहा तेवढ्यावर थांबत नाही. मालिकनंतर ती "आम्ही"वर येते आणि मग सरळ वाट दाखव असं मागते. वाट मागणारा चालायला तयार असावा लागतो. आणि पैगंबरांनी जनाजाआधी मयताच्या कर्जाची चौकशी केली होती, एका वेळी तर अबू कतादा यांनी मयताचं कर्ज स्वतःवर घेईपर्यंत त्यांनी नमाज पढवली नव्हती. म्हणजे त्या दिवसाचा हिशोब होता होईल तो इथेच उरकायचा, हीच शिकवण आहे. आपण तिची एकच बाजू रीत म्हणून धरली.

गेल्या वर्षी चाचा वारले. तेही गडीच होते. चुलतभाऊ बोलण्याच्या स्थितीत नव्हता, म्हणून मौलानांनी पुन्हा मला खूण केली. मी नेहमीचं विचारलं, चाचांकडे कुणाचं काही देणं असेल तर सांगा. मग म्हणालो, "आणि चाचांचं कुणाकडे काही राहिलं असेल, तर तेही आठवा."

मौलानांनी माझ्याकडे वळून पाहिलं. कुणी काही बोललं नाही. नमाज झाली, माती झाली, फातेहा झाली.

संध्याकाळी एक जण चाचांचा फवारणीचा पंप घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी नेला होता, म्हणाला.